अर्धी वाटी लेप

सुनेला काही विचारायची सोयच नव्हती. विचारलं की मान खाली आणि तोंडाला कुलूप. सासूबाई सकाळी हात भरून येईस्तोवर सहाणेवर आंबेहळद, सुंठ, रक्तचंदन उगाळायच्या, वाटी मंद आचेवर कोमट व्हायला ठेवायच्या आणि नवऱ्याला उठवायला जायच्या. परत येऊन बघावं, तर वाटी अर्धी!

नवऱ्याचा, शिंप्याचा गुडघा तो. दुकानाच्या पायरीवरून पडल्यापासून सुजून भोपळा झालेला. पाय वाकेना, मशीन चालेना. अर्ध्या लेपानं सूज उतरायची कशी? सासूबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

"कुठं जातो गं लेप?"

"सांडला, आई."

"रोज सांडतो? आणि फरशीवर डाग नाही तो?"

सुनेनं बाही नीट केली. एवढ्या उकाड्यातही मनगटापर्यंत बाह्या. काय तो नखरा!

"जाऊ दे गं आई," मुलगा हसला. त्याच्या पंजात चहाचा कप बाहुलीच्या भातुकलीतला वाटायचा. "वेंधळीच आहे ती. चालताना दारावर आपटते, तिथं वाटीचं काय!"

बघा, असा सांभाळून घेणारा नवरा, आणि हिला कदर आहे का?

"लेप माहेरी पोचवत असशील, तर तिथंच जाऊन राहा," सासूबाईंनी बजावलं. "उद्या वाटी कमी भरली, तर बॅग भरायची आणि चालू लागायचं."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई वाटी ठेवून गेल्या त्या दाराआडच थांबल्या. सून आली. इकडंतिकडं बघून तिनं लेपात बोटं बुडवली.

"सापडलीस!" सासूबाईंनी झडप घालून तिचा हात ओढला. सून कळवळली. बाही वर सरकली.

मनगटाच्या वर काळेनिळे वळ होते. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. कालच्या हळदीचा पिवळेपणा अजून गेला नव्हता.

सासूबाईंनी आपली बोटं त्या वळांवर ठेवून पाहिली. वळ पेरभर लांब भरले.

 त्यांनी शेगडी बंद केली. मग आतल्या खोलीत जाऊन कपाटावरची बॅग काढली आणि सुनेच्या पुढ्यात आदळली.

"भर."

"आई, पाया पडते. पुन्हा हात लावणार नाही लेपाला. मला हाकलू नका."

"रडतेस काय? त्याचे कपडे भर म्हणतेय मी."