पाठीवरचा डिंक

तिकिटांच्या दुकानातल्या भिंगवाल्या काकांनी चिमट्याने पोस्टाचं एक तिकीट उलटं केलं. मग दुसरं. मग अल्बमच्या पानाच्या पार टोकाचं. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी समोरच्या बाईकडे पाहिलं.

“ताई, ही पत्रांवरून काढलेली आहेत म्हणालात ना?”

“हो. बाबांच्या पत्रांवरून.”

“मग पाठीला डिंक कसा?”

बाईला प्रश्नच कळला नाही. ती दातांच्या कवळ्या करायची. तिच्याकडे एका टिचभर बेटाच्या देशाची एकशे अडुसष्ट तिकिटं होती आणि दुसऱ्या कुठल्याही देशाचं एकही नव्हतं. वापरलेल्या तिकिटाची पाठ कशी असते, हे तिला कळायचं कारणच नव्हतं. ती पाच वर्षांची असताना बाप त्या बेटावर नोकरीला गेला. आई महिन्याला एक तिकीट तिच्या हातावर ठेवायची. “पत्रं माझी, तिकिटं तुझी.” ती एकोणीसची झाली आणि तिकिटं थांबली. आता त्रेचाळिसाव्या वर्षी ती बापाला शोधायला निघाली होती. सुट्टी मंजूर होती, विमान ठरलं होतं. काकांकडे एवढंच काम होतं की शिक्क्यावरचं गाव वाचून द्या, म्हणजे तो पत्रं कुठल्या पोस्टात टाकायचा ते कळेल.

“गाव नाहीये यावर. नुसत्या रेघा आहेत,” काका म्हणाले. त्यांना बोलायचं जिवावर आलं होतं. “पाकिटावरचं तिकीट पाण्यात भिजवून सोडवतात. डिंक धुऊन जातो, पाठ कोरी होते. ही कुठल्या पाकिटावर कधी बसलीच नाहीत. असले इवलेसे देश तिकिटं छापतानाच शिक्का मारून विकतात, हौशी लोकांसाठी. बघा ना, सगळ्यांवर शिक्का त्याच कोपऱ्यात, नेमका पाव गोल. पोस्टातला माणूस एवढा टापटिपीचा कधी पाहिलात? शंभर तिकिटांचं पाकीट मिळतं, ताई. कुठल्याही दुकानात.”

तिने अल्बम मिटला. ती रडली नाही. तिला संताप आला, आणि संतापाला घराचा रस्ता पाठ होता. तुझ्या जिभेला कंटाळूनच तो गेला, तुझ्यामुळेच त्याने लिहायचं सोडलं, हे तिने आईला चोवीस वर्षं ऐकवलं होतं. आईने एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं.

आई इस्त्री करत होती. दवाखान्याच्या धुलाईत जन्म गेला, निवृत्त झाली तरी हात थांबत नव्हते. शेजारपाजारच्या चादरीसुद्धा ओढून आणायची.

“बाबा कधी मेले?” लेकीने दारातूनच विचारलं.

“चपला तरी काढ.”

“पत्रं आलीच नाहीत कधी! दुकानातली तिकिटं आणून मला खेळवलंस. तू शहाणी, मी खुळी!”

आईने इस्त्री उभी केली. बटण बंद केलं. कपाटातून उशीचा एक अभ्रा आणला आणि पलंगावर उपडा केला.

पत्रं. ढीगभर पत्रं. पाकिटांवर एकाच हाताचं, उजवीकडे कललेलं अक्षर. एकाही पाकिटावर तिकीट नव्हतं. तिकिटाच्या जागी जांभळा गोल शिक्का, आणि तो वाचायला भिंग लागत नव्हतं. मध्यवर्ती कारागृह.

“तुरुंगातून आलेल्या पत्राला तिकीट नसतं,” आई म्हणाली. “पत्रं खरी होती. बाबा परदेशात आहेत असं मी तुला सांगून बसले होते. तू म्हणालीस, मग तिकीट दाखव. मी कुठून आणू? दुकानात गेले आणि म्हटलं, जिथे आपल्यातलं कुणी कधी जाणार नाही अशा देशाचं द्या.”

कारखान्याचा बॉयलर फुटेल, फुटेल, म्हणून बाप महिनाभर ओरडत होता. फुटला. दोन माणसं उकडून मेली. मुकादम म्हणाला, बेवडेच होते दोघं. बापाच्या हातात पान्हा होता. त्या दोघांच्या मरणाबद्दल कुणालाही एका दिवसाची शिक्षा झाली नाही. एकट्या मुकादमाच्या मरणाला चौदा वर्षं. न्यायाचा काटा म्हणे सरळ असतो. असेल. एका पारड्यावर कुणाचं तरी बोट असतं, एवढंच.

“चौदा वर्षं दर महिन्याला लिहायचा,” आई म्हणाली. “सुटल्यावर दोन वर्षांनी गेला. छातीत पाणी झालं होतं.”

लेक पत्रांच्या ढिगाशेजारी खाली बसली. तोंडून निघाला तो शब्द पुन्हा रागाचाच होता.

“सुटला तर घरी का नाही आला?”

“आला होता.”

“कधी?”

“तू एकोणीसची होतीस. दार तूच उघडलंस. तो म्हणाला, आईंना भेटायचंय. मी धुलाईतून यायची होते. तू त्याला बसवलंस, पाणी दिलंस. पाहुणा कंटाळू नये म्हणून अल्बम काढलास. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. माझे बाबा तिकडे दीपगृह सांभाळतात, वादळात एकदा त्यांनी अख्खी बोट वाचवली, मी तुला जे जे रचून सांगितलं होतं ते सगळं त्याला ऐकवलंस. मी आले तेव्हा मान खाली घालून ऐकत होता.”

“आणि तू काही बोलली नाहीस?”

“तोंड उघडलंच होतं मी. त्याने डोळ्यांनीच गप्प केलं. मग उठला. मी जिन्यापर्यंत पोचवायला गेले.” आईने रिकामा अभ्रा मांडीवर घेतला. तिला घडी जमेना. “‘बाप चांगला मिळालाय पोरीला,’ म्हणाला. ‘बदलू नकोस.’”