दुसरी किल्ली

माझा श्रीवत्स कॅनडाला गेला आणि त्याची गाडी इथं बंगळूरला जयनगरात माझ्या दारात राहिली. उभ्या गाडीची बॅटरी उतरते म्हणून दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा, "अम्मा, गाडी चालू कर. दहा मिनिटं चालू दे. आवाज ऐकव."

मी चौथी नापास, पण गाडी चालू करून फोन बॉनेटजवळ धरायचे. आवाज ऐकला की तो म्हणायचा, "सरी अम्मा, बरंय, ठेवतो." शेजारच्या अहल्याक्काला मी तोऱ्यात सुनावायचे, "तुझ्या लेकाला सणालासुद्धा आठवण होत नाही. माझा एक रविवार चुकवत नाही!"

दिवाळीनंतर त्यानं तिथूनच गाडी विकली. घेणारा येऊन एक किल्ली आणि गाडी घेऊन गेला. पुढच्या रविवारी मी दुपारपर्यंत फोन मांडीवर घेऊन बसले. वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मग एका मंगळवारी वाजला. "अम्मा, दुसरी किल्ली कुठाय? तो माणूस मागतोय."

"सापडत नाही रे. शोधून ठेवते, रविवारी कर."

आज त्यानंतरचा पाचवा रविवार. "नीट आठव ना अम्मा! वय झालं तुझं," तो फोनवर खेकसतो.

मी कपाटातले डबे खडखड वाजवून त्याला शोधल्याचा आवाज ऐकवते. किल्ली माझ्या कमरेलाच खोचलेली आहे.