आटलेल्या डोहातला खडस

"अहो, हातानं उचला की त्याला!" भागूबाई काठावरून ओरडली.

डोहात घोटाभर पाणी उरलं होतं. सात वर्षं धाकोजीच्या गळावरच्या पिसाच्या खोट्या माशीला न भुललेला खडस मासा आता त्याच्या पायाशी आडवा पडून धापा टाकत होता.

"आजाऱ्याशी कुस्ती खेळू होय?" म्हणत धाकोजीनं मासा बायकोच्या हंड्यात उभा केला नि नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या देवाच्या डोहाकडे निघाला. तिथं पाणी होतं. पण गळ टाकायला साऱ्या गावाला बंदी होती.

सोडताच मासा सुळकन खोल गेला. भागूबाईनं कपाळावर हात मारला. "घ्या! आता देवाचा झाला तो."

"पावसाळ्यापर्यंतच ठेवलाय," धाकोजी म्हणाला. मग पाण्यावर वाकून त्यानं माशाला बजावलं, "पूर आला की मुकाट्यानं खाली यायचं. गळ घेऊन बसलोय मी!"