पाठीवरचं नाव

मेव्हिस दरवर्षी इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या नग्न सायकलफेरीत असायची. "मोटारींपुढे सायकलवाले असेच उघडे असतात, ते लोकांना दिसू दे," म्हणायची. तिचा नवरा क्लिफर्ड टॉवेल घेऊन फुटपाथवरच्या गर्दीत उभा राहायचा. कोणी तिच्यावर कॅमेरा रोखला की टॉवेल आडवा धरायचा. मार्चमध्ये ट्रकने तिला सायकलसकट चिरडलं. यंदा क्लिफर्ड स्वतःच उघड्या अंगाने फेरीत उतरला. गर्दीतला नेहमीचा कॅमेरेवाला ओरडला, "काय म्हातारबा, आज बायकोऐवजी तुम्ही? मग टॉवेल कोण धरणार?" क्लिफर्डने सायकल त्याच्यासमोरच थांबवली आणि अंगावर लिहायच्या रंगाची डबी पुढे केली. "ट्रकखाली गेली ती. पाठीवर तिचं नाव लिही, मेव्हिस. माझा हात पोचत नाही." कॅमेरेवाल्याने रंगात बोट बुडवलं आणि मोठी अक्षरं काढली. "आता हवे तेवढे फोटो काढ," क्लिफर्ड म्हणाला, "फक्त तिचं नाव पूर्ण येऊ दे."