सगळी डिस्क उघडी

ऐक तर खरं, मधी बोलू नको. धम्मप्रिया नांदेडला कॉलेजच्या लॅबमधी उभी. समोर परीक्षा घ्यायला लातूरहून आलेले एक्स्टर्नल सर. अन् सर तिच्या स्क्रीनवरच्या पिवळ्या ओळीवर बोट ठेवून राहिलेत.

"हे काय गं? ही सोय अजून प्रायोगिक हाय म्हणून लिहिलंय."

"हो सर."

तिचा प्रोग्राम तुरीच्या डाळीचा फोटो बघून तिच्यात चुरी, म्हणजे तुटके दाणे, किती ते सांगतो. वेबअसेंब्लीत कंपाईल केलेला, म्हणजे कुठल्याबी मशीनवर चालावा. पण त्याला चालवणारा होस्ट, म्हणजे ज्याच्या आत तो चालतो ते सॉफ्टवेअर, अजून कच्चा. म्हणून ती पिवळी ताकीद.

"मग भरवसा काय ह्याचा?"

"सर, आपण दिलेला फोल्डर सोडून प्रोग्रामला काहीच दिसत नाही. बाकी सगळं बंद." लई तोऱ्यात सांगितलं बघ तिनं.

सरांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "मग माझा प्रोग्राम चालव. ह्याला जे दिसतंय ते पुसून टाकतो."

वर्षभराचं काम त्याच लॅपटॉपवर. दुसरी कॉपी कुठंच न्हाई. तरी तिनं नेहमीची कमांड घेतली, नुसतं प्रोग्रामचं नाव बदललं. बोट एंटरवर गेलं, अन् तिथंच थांबलं.

ती कमांड वर्गाच्या ग्रुपवरची. प्रोग्रामला कुठला फोल्डर दिसावा ते त्या कमांडमधीच लिहायचं असतंय. फोल्डर सापडत न्हाई म्हणून सारखा एरर यायचा. सगळे वैतागलेले. मग त्या कमांडमधी पूर्ण डिस्कच देऊन टाकलेली. म्हणजे बंद बंद म्हणत होती ते सताड उघडं. एंटर दाबावं तर प्रोजेक्ट जातोय, कमांड बदलावी तर थाप उघडी पडती अन् मार्क जातेत.

तिनं हात मागं घेतला. "सर, मघाशी मी चुकीचं सांगितलं. ह्यात सगळी डिस्क उघडी हाय." तिनं कमांडमधून डिस्क काढली, तिथं एक रिकामा फोल्डर दिला, अन् दाबलं एंटर.

स्क्रीनवर एकच ओळ उमटली: "काहीच दिसत नाही."

सर हसाय लागले. "लेकराचं काम पुसणारा प्रोग्राम कोण आणतंय गं? हा नुसती फाईलींची नावं छापतो. सकाळपासून सगळ्यांच्या डिस्का वाचून राहिलो मी. थांबलेली तू पहिलीच. जा, पास हायस. पण बाहेर कुणाला सांगायचं न्हाई."

बाहेर तिच्याच वर्गातला सुदर्शन, पुढचा नंबर त्याचाच. "काय इचारलं गं?"

आता खरी गंमत ऐक. ग्रुपवर ती कमांड टाकली होती धम्मप्रियानंच. वर लिहिलं होतं, डोळे झाकून चालवा.

"काही न्हाई," ती म्हणाली. "फक्त एंटरच्या आधी कमांड नीट वाच."

"तुझीच कमांड हाय की, वाचायचं काय त्यात?" म्हणला, अन् दार लोटून गेला बी आत.

आता सांग, तिच्या जागी तू काय केलं असतंस?