सरांनी तपासलेलं

"सर, आमच्या कंपनीचं नवं हेल्मेट! पहिला मान तुमचा." माझा जुना विद्यार्थी पराशर खोकं टेबलावर ठेवत म्हणाला. खोक्यावर माझाच फोटो होता. खाली छापलं होतं, 'सरांनी तपासलेलं'.

हेल्मेटांवर वजनं आदळण्यात माझी अख्खी नोकरी सरली. हे मॉडेल तर आमच्या लॅबमध्ये पहिल्याच आघातात फुटलं होतं. मीच नापास केलं होतं.

"अरे, यात बदललंस काय?"

"रंग, सर. तुमचं नाव असल्यावर कोण विचारतंय?"

लॅबचा रिवाज मीच त्याला शिकवला होता. ज्याने हेल्मेट पास केलं, त्याने तेच घालून घरी जायचं.

"मग आज हेच घालून जा."

"हो, सर!" तो हसत निघाला.

मी खिडकीतून पाहिलं. नवं हेल्मेट त्याने मागच्या सीटला बांधलं आणि डोक्यात आपलं जुनंच चढवलं.