एक दिवस पुढे

"बाय, माजी पावती जरा परत बग ना," बळीराम म्हणाला आणि चार घड्या घातलेला कागद त्याने खिडकीतून आत सरकवला.

शशिकलाने तो उघडलाच नाही. त्यात काय आहे ते तिला तोंडपाठ होतं. तिनेच तर छापला होता. मुक्काम ओवे, नोकरीसाठी नाव मुलगी मनिषा, दहावी पास, अर्ज दाखल सात मार्च. मिठागरं गेलेल्या घरांतल्या एकेकाला बंदरावर नोकरी मिळायची होती, आणि त्या अर्जांची शेवटची तारीख होती सहा.

"उशीर झाला बाबा तुम्हाला. बाहेर यादीत लिहिलंय तसं."

"सहालाच आलतो मी. तू होतीस की हितंच. माजं भादरलेलं डोकं बगून तू मला बाकावर बसवलंस, पाणी दिलंस."

आला होता ना! तिच्या डोळ्यांदेखत आला होता. ओल्या धोतरावर खाडीचा चिखल तसाच होता. पण त्या दिवशी कंप्युटरमध्ये सहा तारीख उगवलीच नव्हती, त्याला ती काय करणार?

त्याचं असं झालं. साहेबांना जेवणानंतर विमानं पाडायच्या खेळाचा भारी नाद. खेळाची फ्लॉपी ते घरून आणायचे. ऑफिसच्या मशीनला ना कडी ना कुलूप. कुणीही यावं, काहीही घालावं. त्या फ्लॉपीतून व्हायरस आत शिरला. मुंबईच्या मेकॅनिकने फोनवर सांगितलं, की हा सहा मार्चपर्यंत गप्प पडून राहतो आणि त्या दिवशी मशीन चालू केलं की आतलं सगळं पुसून टाकतो. औषधाची फ्लॉपी यायला आठवडा लागणार होता. तोवर काय? तर सहा तारीखच चुकवा. पाच तारखेच्या संध्याकाळी साहेब मागे उभे राहिले आणि शशिकलाने आपल्या हाताने मशीनची तारीख एक दिवस पुढे ढकलली.

दुसऱ्या दिवशी मशीन उघडलं ते थेट सातवर. काही पुसलं गेलं नाही. साहेबांनी खूश होऊन सगळ्यांना वडे मागवले. त्या दिवशी अकरा अर्ज आले. चौथ्या पावतीला शशिकलाच्या ध्यानात आलं आणि ती धावत आत गेली, तर साहेब म्हणाले, "नंतर बघू." हाताने लिहायची आवक वही तरी असती! पण कंप्युटर आला तेव्हा त्याला हार घालून, नारळ फोडून ती वही कायमची बंद केली होती. सगळ्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या.

आज सकाळी ती पुन्हा साहेबांकडे गेली होती. "साहेब, त्या अकरा जणांचं वर कळवू या. बिचाऱ्यांचा काय दोष?"

"काय कळवू? बाहेरची फ्लॉपी घातली म्हणून?" साहेबांनी आवाज चढवला नाही. "आणि शशिकलाबाई, तारीख कोणी बदलली? मी की तुम्ही?"

तिला नोकरीत कायम करायचा कागद त्यांच्याच टेबलावर होता, सहीवाचून. ती मुकाट्याने जागेवर येऊन बसली. स्वतःची लाज वाटत होती, तरी बसली.

बाकीचे दहा जण कालच येऊन, भांडून, साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेले होते. ते सोपं होतं. शिव्या देणाऱ्याच्या तोंडावर खिडकी लावून घेता येते. हा म्हातारा भांडतच नव्हता.

"मला बराबर ठावं हाय, बाय," बळीराम म्हणाला. "म्हातारीचं, मनीच्या आयचं दहावं होतं त्या दिशी. खाडीवरनं तसाच आलतो मी. दहा दिस बोटांवर मोजलेत."

काल दिवसभर साहेब सगळ्यांना जे ऐकवत होते तेच शशिकलाच्या तोंडून निघून गेलं. "मशीन तारीख चुकत नाही, बाबा."

बोलली आणि जीभ चावली. पण शब्द सुटला तो सुटलाच.

बळीरामने बोटं मोजली. मग दुसऱ्या हाताची बोटं धरून पुन्हा मोजली. त्याचा चेहरा उतरत गेला.

"मंजे माजंच चुकलं," तो म्हणाला. "दहावं आमी अकराव्या दिशी केलं. तरीच."

"तरीच काय, बाबा?"

"कावळा शिवला नाय. पिंड मांडून दुपारपातूर बसलो. हात जोडून सांगितलं तिला, तुज्या मनीला बंदरावर लावतो, आत्ताच चाललो अर्ज टाकाया. तरी नाय शिवला. शेवटी भटानं दर्भाचा कावळा केला." त्याने उपरण्याच्या टोकाने नाक पुसलं. "मला वाटलं, पोरीत जीव अडकलाय तिचा. पन दिवसच चुकीचा, तर ती बिचारी येनार कशी? आता कुटं बसली आसंल वाट बगत?"

खिडकीच्या गजाला धरून म्हातारा ढसाढसा रडू लागला. रांगेतली माणसं बघायला लागली.

शशिकला उठून उभी राहिली. "नाही हो बाबा, असं मनात आणू नका. दहावं दहाव्या दिवशीच झालं. सहाच तारीख होती. मी सांगते ना तुम्हाला!"

आत साहेबांची खुर्ची करकरली.

बळीरामने डोळे पुसले. "शपत?"

"शपथ."

त्याने पावतीच्या घड्या उलगडल्या आणि ती तिच्यासमोर धरली.

"मग हितं सात का लिवलंय, बाय?"